पायाळूचा पाय आणि बायकांची पाठ

मी पायाळू जन्मलों. डोक्याऐवजीं पायांनीं जगांत येणाऱ्या मुलाला आपल्याकडे पायाळू म्हणतात, आणि त्याच्या अंगीं दोन गुण असतात अशी जुनी समजूत आहे. एक, त्याला जमिनीखालचें धन दिसतें. दुसरा, त्यानें लाथ मारली कीं पाठींत भरलेली उसण जाते. पहिल्या गुणाचा मला आजवर कांहींच उपयोग झालेला नाहीं. दुसऱ्याचा मात्र आमच्या आळींतील बायकांनीं भरपूर उपयोग करून घेतला.

रेवदंड्याच्या बाजूस, नारळीपोफळीच्या वाडींत आमचें घर. दिवेलागणीच्या सुमारास एखादी बाई कमरेवर हात ठेवून पायऱ्या चढे, उंबऱ्याशीं पालथी निजे, आणि आत्या मला हांक मारी, "अरे, इकडे ये. डावा पाय लाव. हळू." मी पांच-सहा वर्षांचा असेन. वडील माणसाला पाय लागला तर वांकून नमस्कार करावा हा संस्कार इतका पक्का होता कीं, तीन लाथा मारून झाल्या म्हणजे मी त्याच पाठीला नमस्कार करीत असें, आणि ती बाई हंसत-कण्हत उठून बसे. शेजारच्या काकू येत, वाडींत शिंपणीला येणाऱ्या बायका येत. आमच्या घरीं मासे खात नसत. तरी वाटेवरचें घर म्हणून एक कोळीण पाणी प्यायला थांबे आणि पाटी उतरवून अंगणांतच आडवी होई. उंबऱ्याच्या आंत तिनें यावें असें त्या वेळीं कोणाला वाटत नसे. पुरुष क्वचित् येत. खुद्द आत्याची पाठ मीं किती वेळां तुडविली असेल त्याची गणती नाहीं.

पुढें इतिहास हा विषय घेऊन मी प्राध्यापक झालों, जुनीं दप्तरें चाळलीं, आणि उतारवयाकडे झुकतांना ध्यानांत आलें कीं सर्वांत जुनें दप्तर मी पायाखालीं तुडवून बसलों होतों. आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांनीं तीन-चारशें वर्षें काय काम केलें, तें त्या पाठींवर लिहिलेलें होतें. तें कागदावर मात्र कोठें उतरलेलें नाहीं.

प्रथम शब्दांकडे पाहूं. डॉक्टर ज्याला 'पाठदुखी' या एका शब्दांत गुंडाळतात, त्याला आमच्या बायकांपाशीं केवढा शब्दसंग्रह! उसण भरते, चमक निघते, लचकते, कळ येते, रग लागते, पाय ओढतात, सांधे धरतात, अंग मोडून येतें. यांतला प्रत्येक शब्द निराळें दुखणें सांगतो. रग लागलेली बाई उसण भरली असें म्हणणार नाहीं. ज्या समाजांत एका दुखण्याला इतके शब्द आहेत, तेथें तें दुखणें किती घरोघरचें असेल हें सांगावयास नको. आणि या सर्वांवर कारण म्हणून एकच शब्द: वात.

वाताची ही कल्पना अडाणी नव्हे. तिच्यामागें शास्त्र आहे. चरकसंहितेंत वाताचे ऐशीं विकार मोजले आहेत, त्यांत कमरेपासून पायापर्यंत उतरणारी गृध्रसी आहे. सुश्रुतानें खांदा आखडण्याला अवबाहुक हें नांव दिलें आहे. वात कां बिघडतो याचीं कारणें सांगतांना सुश्रुतानें अतिश्रम, जागरण, धांवणें, पोहणें यांच्याबरोबर भार वाहणें हेंहि स्पष्ट नोंदलें आहे. पण तीच यादी पुढें वाचावी. भारवहनाला लागूनच हत्ती, घोडा आणि रथ यांवरून फिरणें हें कारण येतें. वैद्यासमोर जो रोगी बसला आहे तो बहुधा घोड्यावर बसणारा आहे, हें त्यावरून उघड दिसतें. ओझ्यानें पाठ मोडते हें शास्त्राला ठाऊक होतें; ओझें वाहणारी बाई मात्र तेल, शेक आणि विश्रांति यांचा खर्च करूं शकत नव्हती. ती पायाळूकडे जाई. त्याला पैसे पडत नसत.

आतां कामाकडे वळूं. कुलाबा जिल्हा, म्हणजे १ जानेवारी १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतों तो, भात, मीठ, मासे आणि बागाईत या चार गोष्टींवर जगत आला. या चारहि ठिकाणीं बाईची पाठ निरनिराळ्या रीतीनें खर्चीं पडली.

भाताचें घ्या. नांगर पुरुष धरतो, चिखलणी पुरुष करतो. लावणी मुख्यतः बायकांची. आषाढांत एकदां लावणी लागली कीं बाई सकाळीं ओणवी होते ती दिवस कलल्यावर सरळ होते, आणि मधल्या वेळांत ती मागें मागें सरकत असते. पावसाच्या रक्षणाकरितां तिच्या अंगावर इरलें असे. बांबूच्या कांबट्यांत पानें गुंफून केलेली ही वस्तु आज प्लास्टिकच्या कागदानें जवळजवळ हटविली आहे. छत्री उभ्या माणसासाठीं असते. इरल्याचा आकार डोक्यावरून पाठीवर उतरणारा, आणि त्याचा खरा उपयोग ओणव्या माणसालाच. वाकलेली पाठ हेंच माणसाचें नेहमींचें रूप असें धरून केलेलें असें पावसाळी साधन आणखी कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं.

ओणवें राहण्यानें काय होतें याचें मोजमाप पुष्कळ उशिरां झालें. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन या अस्थिशल्यविशारदानें १९६० नंतरच्या काळांत जिवंत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधील चकतींत सुई घालून तेथील दाब मोजला. ताठ उभें असतांनाचा दाब १०० धरला, तर निजलेल्या माणसाचा २५ भरतो. थोडें पुढें झुकलें कीं तो १५० होतो, आणि हातांत वजन घेऊन झुकलें तर २२०. हें झुकणें अगदीं बेताचें होतें. लावणीवाल्या बाईचें धड तर जमिनीला समांतर असतें. इतकें वाकल्यावर पाठीचे स्नायू आपलें काम जवळजवळ सोडून देतात आणि सारा भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर पडतो. ते तासन् तास ताणले गेले कीं सैल होतात, आणि उठतांना नेमकी चमक निघते. आत्याकडे येणाऱ्या बायका श्रावणाच्या तोंडाशीं अधिक कां येत, याचें उत्तर मला या आंकड्यांत मिळालें.

मिठाचें थोडक्यांत सांगतां येईल. पेण-उरणकडील मिठागरांवर आगरी समाज पोसला. आगर या शब्दावरूनच त्याला नांव मिळालें. मीठ पिकतें तें उन्हाळ्यांत, म्हणजे भाताचें काम नसतें तेव्हां. पाण्यांतून ओढलेलें ओलें मीठ टोपलींत भरून, अरुंद बांधांवरून अनवाणी राशीपर्यंत नेण्याच्या कामांत बायका असत. ज्या कमरेनें पावसाळा ओणवा काढला, तिनेंच उन्हाळा ओझ्याखालीं काढावयाचा असा हा वर्षाचा हिशेब.

कोळणीच्या पाटीबद्दल मात्र कांहीं विपरीत वाटेल असें सांगावयाचें आहे. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड येथील कोळणी डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी घेऊन झपाझप चालत तेव्हां पाहणाऱ्याला तें ओझें वाटतच नसे. १९८६ सालीं 'नेचर' या विख्यात नियतकालिकांत आफ्रिकेंतील केन्यामधल्या लुओ आणि किकुयु स्त्रियांवरील एक संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांत असें आढळलें कीं, या स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या पंचमांश ओझें डोक्यावरून वा कपाळपट्ट्यानें नेतात तेव्हां त्यांना रिकामें चालण्याहून अधिक प्राणवायु लागत नाहीं. सैनिकाला पाठीवरच्या ओझ्यासाठीं तो लागतो. लहानपणापासूनच्या संवयीनें चालीचाच कांहीं मेळ बसलेला असतो असा त्याचा अर्थ. आमच्या कोळणीच्या चालीचें कौतुक करणाऱ्यांना हें वाचून आनंद होईल, मलाहि झाला. पण श्वास वांचला म्हणजे मान वांचली असें नव्हे. आणि पाटी कांहीं पंचमांशावर थांबत नाहीं. ती म्हावऱ्यावर आणि घरच्या गरजेवर भरते.

आतां आमच्यासारख्या पांढरपेशा घरांकडे यावें. येथें बाई शेतांत गेली नाहीं, म्हणून तिला श्रम नव्हते असा आपला गोड समज असतो. पहांटे जातें, मग विहिरीचें पाणी, चुलीपुढें उकिडवें बसणें, वांकून सारवण, पाट्यावर वाटण, आणि सोवळ्यांतलें पाणी भरणारी घरची विधवा असेल तर तिच्या वाट्याला यांतलें दुप्पट. जात्यावरच्या ओव्यांचें आपण साहित्य म्हणून कौतुक केलें, त्यांचे संग्रह झाले, आणि तें योग्यच झालें. पण ज्या खांद्यानें तें जातें फिरे त्याची विचारपूस साहित्याच्या इतिहासकारांनीं केली नाहीं. मीहि केली नव्हती.

दळण्याचा पुरावा हाडांत किती खोल उतरतो हें दूरच्या एका गांवानें दाखविलें आहे. सीरियांत युफ्रेटिस नदीच्या कांठीं अबू हुरेरा येथें नवाश्मयुगीन वसाहत होती. ती धरणाच्या पाण्याखालीं जाण्यापूर्वीं १९७२-७३ मध्यें तेथें उत्खनन झालें. सांपडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या थिया मॉलेसन यांनीं १९९४ सालीं लिहिलेल्या लेखांत दाखविलें कीं, विशेषतः स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर खुणा पडलेल्या आणि कमरेच्या मणक्यांस इजा झालेली होती. गुडघे टेंकून, पायाचीं बोटें मुडपून, सपाट दगडावर पुढें मागें धान्य रगडल्याचें तें चिन्ह. आपलें फिरतें जातें त्या मानानें दयाळू. त्यानें अंगठा सोडविला आणि भार खांद्यावर नेला. मग गिरणी आली, आणि घरांत उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा आला. गेल्या शतकांत आमच्या स्त्रियांच्या सांध्यांवर या दोन वस्तूंनीं जेवढे उपकार केले तेवढे क्वचितच कोणा सुधारकानें केले असतील. सुधारकांविषयीं अनादर म्हणून हें म्हणत नाहीं.

हें सारें सरकारी दप्तरांत कां नाहीं? १८८३ सालीं प्रसिद्ध झालेलें कुलाबा आणि जंजिरा यांचें गॅझेटियर मीं अनेकदां वापरलें आहे. शेती, मीठ, व्यापार, जातीजातींच्या चालीरीति यांचें वर्णन त्यांत पानेंच्या पानें आहे. आरोग्याच्या भागांत ताप आणि दवाखाने आहेत. त्यांत दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं, कारण सरकार मरण मोजतें आणि उसणीनें कोणी मरत नाहीं. शिवाय मालाची मोजदाद होते, माल वाहणाऱ्या मानेची होत नाहीं. आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वह्यांतहि पोफळीचा भाव आहे, शिंपणीच्या मजुरीचा आंकडा आहे. पुढें कांहीं नाहीं.

बायका स्वतः या दुखण्याचें मूळ कामांत शोधीत नसत, बाळंतपणांत शोधीत. "तेव्हां पोट नीट बांधलें नाहीं, वारा शिरला," हें वाक्य मीं शेंकडों वेळां ऐकलें आहे. बाळंतिणीचें पोट लांब वस्त्रानें बांधावें हें चरकानें सांगितलें आहे, आणि तेल, शेक, शेगडी यांसह आमच्या सुईणींनीं तें पिढ्यान् पिढ्या चालविलें. या परंपरेचा शास्त्रीय दृष्टीनें विचार करणारी पहिली मराठी स्त्री आमच्याच किनाऱ्यावर कांहीं काळ राहून गेली आहे. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव पोस्टांत नोकरीस होते आणि बदलीमुळें हें जोडपें अलिबागेस होतें. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंना झालेलें मूल दहा दिवसांत गेलें. पुढें अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत मार्च १८८६ मध्यें त्यांना पदवी मिळाली, तेव्हां प्रबंधाचा विषय त्यांनीं निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या वारल्या. बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. त्या जगत्या, तर सुईणीच्या बांधण्यांतलें काय ठेवावें आणि काय टाकावें हें सांगणारा अधिकारी माणूस आपल्याला शंभर वर्षें आधीं मिळाला असता. आज आपण जाणतों तें एवढेंच कीं, बांधण्यानें सैल पोटाला आधार वाटतो, पण सुटलेले स्नायू पुन्हां बळकट होतात ते व्यायामानें. आणि पोटाचे स्नायू ढिले राहिले तर त्यांचें काम पाठीला करावें लागतें. म्हणजे बायकांचा तर्क अगदींच चुकीचा नव्हता.

पण सव्वा महिना निजून राहणें हें वाडीवाल्याच्या घरीं. शेतावरची वा किनाऱ्यावरची बाई दहाबारा दिवसांत उठे. बाळंतिणीला विश्रांति हा हक्क आहे, दया नव्हे, हा विचार कायद्यांत आणण्यासाठीं झगडलेल्या माणसांतला एक आमच्याच जिल्ह्याचा. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ सालीं कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचा. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेची पहिली बैठक भरली तेव्हां ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधि होते. त्याच बैठकींत बाळंतपणाच्या आधीं व नंतर सहा सहा आठवडे रजेचा ठराव झाला. मध्यवर्ती कायदेमंडळांत त्यांनीं १९२४ सालीं तसें बिल आणलें, तें फेटाळलें गेलें. मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं कायदा झाला. तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. गिरणीच्या भोंग्यावर जाणारी बाई कायद्याला दिसली. जोशींच्या स्वतःच्या जिल्ह्यांत लावणी करणारी, मीठ वाहणारी, पाटी घेऊन हिंडणारी बाई कोणाच्याच हजेरीपटावर नव्हती, आणि कोळीण तर आपल्या धंद्याची मालकीणच. मालकिणीला रजा कोण देणार?

आतां ज्या विद्येला व्यवहारांत फिजिओथेरपी म्हणतात, त्या भौतिकोपचाराकडे यावें. तिचें आधुनिक मूळ पुरुषांच्या कवायतींत आहे: १८१३ सालीं पेर हेन्रिक लिंग यानें स्टॉकहोम येथें व्यायामसंस्था काढली. पण धंदा म्हणून ती उभी केली ती स्त्रियांनीं. इंग्लंडांत १८९४ सालीं चार परिचारिकांनीं आपली संस्था स्थापिली, तेव्हां अंग रगडण्याच्या नांवाखालीं चालणाऱ्या भलत्या धंद्यांची वर्तमानपत्रांत बोंब झालेली होती. या बायकांना प्रथम स्वतःची अब्रू राखावी लागली आणि मग रोग्याची पाठ. १९२० सालीं संस्थेला राजाची सनद मिळाली. अंग चोळणारी बाई हलकी, हा समज आपल्याकडच्या सुईणीलाहि पुरेपूर भोंवला आहे. तिला कोणी सनद दिली नाहीं, एवढाच फरक.

मुंबईंत या शिक्षणाची सुरुवात के. ई. एम. रुग्णालयांत झाली. अमेरिकेंत जन्मलेल्या आणि महाराष्ट्राची सून झालेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं तेथें व्यवसायोपचाराची शाळा काढली. १९५३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनें फिजिओथेरपीची शाळा निघाली. निमित्त होतें पोलिओनें अपंग झालेल्या मुलांचें. मुलांनंतर अपघात झालेले कामगार आले, मग खेळाडू आले. जी दुखापत एकाएकीं होते ती दवाखान्याला लवकर दिसते. चाळीस वर्षें रोज थोडी थोडी होणारी दुखापत कोणाच्या यादींत लवकर येत नाहीं, आणि बायकांची बहुतेक दुखणीं या दुसऱ्या जातीचीं. त्यांत पन्नाशीनंतर हाडें ठिसूळ होण्याचा भाग मिळतो. मासिक धर्म थांबल्यावर शरीरांतील एक रस कमी पडल्यानें तें होतें, हा संबंध बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनीं १९४१ सालीं दाखविला. तोंवर वांकलेली म्हातारी हें वयाचें स्वाभाविक चित्र समजलें जाई. आमच्या गोष्टींतल्या म्हाताऱ्या सगळ्या वांकलेल्याच असतात.

उपचाराच्या कल्पनाहि बदलल्या. पूर्वीं पाठ धरली कीं फळीवर निजून राहा असें सांगत. १९९५ सालीं हेलसिंकी शहराच्या नोकरांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, निजून राहणाऱ्यांपेक्षां, आणि त्या काळांत मुद्दाम व्यायाम करणाऱ्यांपेक्षांहि, जमेल तेवढीं रोजचीं कामें चालू ठेवणारे लवकर बरे झाले. हा निष्कर्ष मीं आमच्या आळींत सांगितला तेव्हां बायका मोठ्यानें हंसल्या. रोजचीं कामें त्यांनीं थांबविलीं केव्हां होतीं? हेलसिंकीच्या नोकराला 'हालचाल करा' हा सल्ला आहे. लावणीच्या बाईला तो देणें म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणें. तिची हालचाल थोडी नाहीं, एकाच प्रकारची आहे.

१७०० सालीं इटलींतील मोदेना येथें रामात्सिनी या वैद्यानें कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिलें. त्यांत सुइणी, दाया आणि धोबिणी यांच्यावरहि प्रकरणें आहेत. रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत त्यानें एक नवा घातला: तुम्ही काम काय करतां? हा प्रश्न आमच्या आत्याला तिच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं प्रथम विचारला गेला.

वैद्यांनीं तिला काढे दिले होते, डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या होत्या, मीं लाथा मारल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीं तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला, तेव्हां मी तिला अलिबागेस एका तरुण मुलीकडे घेऊन गेलों. ही मुलगी फिजिओथेरपीची पदवी घेतलेली. तिनें फोटो पाहिले, बाजूस ठेवले, आणि विचारलें, "आजी, तुम्ही लहानपणापासून काय काय काम करत आलात?" आत्यानें माझ्याकडे पाहिलें. मग ती सांगूं लागली, आणि तासभर सांगत राहिली. जातें कसें ओढीत, हें दाखविण्यासाठीं तिनें खुर्चींतच पाय लांब करून उजवा हात फिरविला. अर्ध्या फेऱ्यावर हात अडला. मुलगी म्हणाली, "इथेंच. इथूनच सुरुवात करूं."

तीन महिन्यांनीं आत्याचा हात वेणी घालण्यापुरता वर जाऊं लागला. मग तिनें हट्ट धरला कीं अंगणांत निजणाऱ्या त्या कोळणीच्या सुनेला तेथें न्यावें; सासू कधींच गेली, सून आतां साठीची आहे आणि तोच धंदा करते. ती मिनिडोरमधून पाटीसकट आली आणि आंत येऊन आत्याच्या शेजारीं बसली. सर्वांत जास्त कधीं दुखतें असें विचारल्यावर म्हणाली, चालतांना नाहीं, पाटी डोक्यावर घेतांना आणि उतरवतांना. पूर्वीं हात लावायला दुसरी बाई असे, आतां सगळ्या निरनिराळ्या गाड्यांनीं जातात. मुलीनें तिला मानेचे आणि पाठीचे व्यायाम शिकविले, गुडघ्यांत वांकून पाटी कशी उचलावी तें दाखविलें, आणि शेवटीं सांगितलें कीं एका मोठ्या पाटीऐवजीं दोन लहान कराव्या.

"दोन पाट्या म्हंजे दोनदा भाडं, बाय," ती म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेऊन उठली. पाटीला हात लावायला मी पुढें झालों.